जगायला गेलेली माणसे

आटपाडी तालुक्यातल्या एका लहान गावी मी मास्तर होतो, त्या वेळची एक वही माझ्या ट्रंकेत अजून आहे. तपकिरी पुठ्ठ्याची, कोपरे कुरतडलेली. दर दिवाळीला घराची झाडलोट निघाली की ती हाती लागते. मी ती उघडतो, एक पान वाचतो आणि परत ट्रंकेच्या तळाशी ठेवतो. फराळाचे ताट पुढे घेऊन बसलेल्या मंडळींना दुष्काळाची हकीकत सांगू नये, एवढे मला कळते. पण ही हकीकत वरून दुष्काळाची दिसली तरी खरे म्हणजे ती शब्दांची आहे; आणि शब्दांचा विषय दिवाळी अंकात नाही काढायचा, तर मग काढायचा तरी कुठे?

साल १९७२. मृग कोरडा गेला. पुढची नक्षत्रेही तशीच गेली आणि हस्ताने पाठ फिरवली. आमच्याकडे खरिपावर कुणी फारशी भिस्त ठेवत नाही. सारी मदार परतीच्या पावसावर आणि शाळूवर. त्या वर्षी शाळू पेरायलाही ओल नव्हती. अशात दिवाळीची सुट्टी संपली, मुले शाळेत आली, आणि मी रिवाजाप्रमाणे सातवीच्या वर्गाला निबंध घातला: ‘मी दिवाळी कशी साजरी केली?’ हा विषय त्या साली देऊ नये हे मला सुचले नाही. वय पंचविशीच्या आतले होते आणि हातात तांबडी शाई होती.

एका धनगराच्या मुलाने चारच ओळी लिहिल्या होत्या. त्याच्या घरी करंज्या झाल्या नव्हत्या. जित्राबं वाळून गेली होती. पाडव्याला त्याचा आबा मेंढरं घेऊन कोल्हापूरच्या अंगाला जगायला गेला होता, आणि आता तोही आईबरोबर जगायला जाणार होता. बस्स, एवढेच.

मी ‘जित्राबं’ खोडून वर ‘जनावरे’ लिहिले. ‘कोल्हापूरच्या अंगाला’ खोडून ‘कोल्हापूरकडे’ केले. ‘जगायला गेला’ या दोन शब्दांवर तर आडवी जाड रेघ मारली आणि वर मोठ्या टापटिपीने लिहिले, ‘स्थलांतर केले’. दहापैकी चार गुण दिले. वही परत द्यायची राहिली, कारण पुढच्या आठवड्यात तो मुलगा वर्गात नव्हता. मी विचारले, तेव्हा मागच्या ओळीतल्या पोरांनी सांगितले, “गुरुजी, ती समदी जगायला गेली.” ज्या आवाजात ‘बाजाराला गेली’ म्हणावे त्याच आवाजात. स्थलांतर हा शब्द मी त्यांना दोन दिवसांपूर्वी फळ्यावर लिहून दिला होता, तो एकाच्याही तोंडी आला नाही.

मी नेमके काय खोडले होते? ‘स्थलांतर’ हा शब्द शुद्ध आहे, भारदस्त आहे, आणि तो फक्त जागेविषयी बोलतो. इथला माणूस तिथे गेला. पाखरेही करतात, कचेऱ्याही करतात. ‘जगायला गेला’ यात कुठे गेला ते येत नाही, का गेला ते येते. आणि ते ऐकणाऱ्याच्या मनात लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो, की म्हणजे इथे जगता येत नव्हते काय? ‘स्थलांतर’ म्हटल्यावर हा प्रश्न कुणाला पडत नाही. माझ्या तांबड्या शाईने शुद्धलेखन सुधारले आणि तो प्रश्न पुसून टाकला.

हे शब्द पुसायचे काम मी एकट्यानेच केले होते असे मात्र नाही. माझ्या आधी नऊ वर्षे, १९६३ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने एक छोटासा कायदा संमत केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘दुष्काळ’ या अर्थाचा इंग्रजी शब्द काढून टाकावा आणि त्याच्या जागी ‘टंचाई’ या अर्थाचा शब्द घालावा, एवढाच त्याचा मजकूर. कारणही दिले होते. पिकापाण्याच्या परिस्थितीवर सरकारची सतत नजर असते, टंचाईची चिन्हे दिसताच उपाय सुरू होतात, तेव्हा दुष्काळ पडायला आता वावच उरलेला नाही; जी गोष्ट उरली नाही तिचे नाव कायद्यात कशाला?

यात नुसती लबाडी होती असे मी म्हणणार नाही. इंग्रजांच्या काळच्या दुष्काळसंहितेतसुद्धा टंचाई आणि दुष्काळ अशा पायऱ्या होत्या. कुठल्या पायरीवर काय मदत द्यायची हे ठरलेले असे. शिवाय १९७२-७३ मध्ये सरकारने कामे काढली हेही खरे. पाझर तलाव, रस्ते, नालाबांध, खडी फोडणे. ऐन कडाक्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. सुकडी मिळे, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळे. भुकेने माणसे पटापट मेली नाहीत, याचे श्रेय त्या कामांना दिलेच पाहिजे. पण दुष्काळ कायद्यातून गेला म्हणून माणच्या पात्रात पाणी आले नाही. गावात लोक ‘दुकाळ’ म्हणत, चावडीतल्या कागदात ‘टंचाई’ असे, आणि दोघांच्या मध्ये बसलेले आम्ही मास्तर मुलांना ‘टंचाईग्रस्त परिस्थिती’ असे शुद्ध लिहायला शिकवीत होतो. टंचाई रॉकेलची असते, सुट्या पैशांची असते. तिला घाबरून कुणी गाव सोडत नाही.

आता गंमत अशी, की ज्या मुलखात मी शब्द खोडीत होतो, त्याच मुलखातल्या माणसांनी हे शब्द मराठीच्या वेशीतून आत नेऊन पाटावर बसविले होते. त्यासाठी आधी थोडा भूगोल आणि इतिहास सांगावा लागेल.

सह्याद्रीवर पाऊस कोसळतो आणि ढग पूर्वेला येईतो रिकामे होतात. माण नदीच्या आजूबाजूचा हा सारा प्रदेश, माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जतचा काही भाग, त्या रिकाम्या ढगांच्या छायेत पडलेला आहे. बरड माळ, बाभळी, खिलार बैल, मेंढरे, हुलगा, मटकी. आटपाडी ही औंध संस्थानात होती. संस्थान लहान, आणि तेही सलग नव्हे, तुकड्या-तुकड्यांनी पसरलेले. १९४८ मध्ये ते विलीन झाले, आटपाडी दक्षिण साताऱ्यात आली, आणि १९६० पासून त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून जुनी माणसे बोलता बोलता स्वतःला सातारकडची म्हणवतात आणि कागदावर सांगली लिहितात.

या एवढ्याशा टापूत आठ वर्षांच्या अंतराने तीन लेखक जन्मले. १९१९ साली शेटफळे येथे गजानन दिगंबर माडगूळकर, १९२१ साली आटपाडीत शंकरराव खरात, आणि १९२७ साली माडगुळ्यात गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश. तिघेही पुढे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. गदिमा १९७३ साली यवतमाळला, व्यंकटेश माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १९८४ साली, जळगावला शंकरराव खरात. पाणी न पिकणाऱ्या मुलखात लेखक पिकले, असे आमच्याकडे थट्टेने म्हणतात. मला त्या थट्टेपेक्षा दुसऱ्या गोष्टीचे नवल वाटते. तिघांनी एकच भाषा ऐकली. तोच माळ, तीच चावडी, तेच दुष्काळ. पण उचललेले शब्द तिघांचे निराळे.

त्या हिवाळ्यात शाळा निम्मी ओस पडली होती. संध्याकाळी करायला काही नसे. शाळेच्या पेटीत व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ ही पुस्तके होती. पूर्वी मी ती वाचली होती, पण गोष्ट म्हणून. या वेळी तांबड्या शाईचा मास्तर म्हणून वाचली, आणि मनात नकळत चुका काढू लागलो. थोड्या वेळाने लाजलो.

‘माणदेशी माणसं’ १९४९ साली पुस्तकरूपाने आले. त्यातल्या व्यक्तिचित्रांची नुसती नावे पाहा. धर्मा रामोशी, नामा मास्तर, रामा मैलकुली, शिदा चांभार, रघू कारकून. गाव ज्या नावाने हाक मारतो तेच नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव गैरहजर. गावात माणसाला त्याच्या कामाने आणि जातीने ओळखतात, ही गोष्ट लेखक कुठेही उपदेश करून सांगत नाही. मथळ्यातच ती घडून जाते. ‘मैलकुली’ हा शब्द तर मला फार आवडतो. सडकेच्या एका मैलाची निगा राखणारा मजूर तो मैलकुली. मैल साहेबाचा, कुली कुठून तरी आलेला, आणि दोन्ही मिळून झालेला शब्द अस्सल माणदेशी. त्याच्या जागी ‘रस्ता-कामगार’ लिहिले असते तर शुद्ध झाले असते, पण त्या माणसाच्या वाट्याला आलेला तो एक मैल गेला असता. एका व्यक्तिचित्राचे नाव मात्र नुसते ‘झेल्या’ आहे. पोरच ते, त्याला अजून कुठला धंदा चिकटायचा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. माडगूळकर स्वतः बोलतात ते साध्या, सरळ, छापील मराठीत. त्यांची माणसे बोलतात ती माणदेशीत. बोलीभाषेतला मजकूर हसविण्यासाठी वापरायची रीत आपल्याकडे फार दिवस होती. नाटकात गडी आला की तो ‘व्हय जी’ म्हणे आणि प्रेक्षागृह हसे. माडगूळकरांच्या पुस्तकात बोली आली की कुणी हसत नाही, कारण निवेदनाची मराठी तिच्यापेक्षा उंच पाटावर बसलेली नाही. दोघी एकाच घोंगडीवर बसतात. विशेषणे तर इतकी कमी, की एखादे आले तर पावसाचा थेंब पडल्यासारखे वाटते.

वर्गात मी पुढे एक खेळ करू लागलो, तो या वाचनातून सुचलेला. फळ्यावर लिहायचे: म्हातारा वारला. मग मुलांना विचारायचे, की हे आणखी कसकसे सांगता येईल? मुले सांगत: गेला, मेला, खपला, देवाघरी गेला, निजधामास गेला, कैलासवासी झाला, देवाज्ञा झाली, गार पडला, सुटला. शेवटचा शब्द एका मुलीने सांगितला आणि वर्ग एकदम गप्प झाला, कारण तिचा आजा वर्षभर अंथरुणावर होता हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हातारा एकच, मरण एकच. पण ‘खपला’ म्हणणारा कुणीतरी सावकार वाटतो, ‘देवाज्ञा झाली’ हे पोस्टकार्डावर लिहितात, आणि ‘सुटला’ हा शब्द ज्याने उशापायथ्याशी बसून रात्री काढल्या त्यानेच उच्चारायचा. शब्द माणसाविषयी जितके सांगतो तितकेच बोलणारा कुठे उभा आहे तेही सांगतो.

‘बनगरवाडी’ १९५५ ची. एका तरुण मास्तराने धनगरांच्या वाडीत जाऊन शाळा चालवली त्याची कथा, तेव्हा ती मला लागावी यात आश्चर्य नाही. तालीम उभी राहते, औंधचे राजेसाहेब येऊन जातात, मग दुष्काळ पडतो आणि वाडी ओस पडते. तिचा इंग्रजी अनुवाद १९५८ मध्ये निघाला. त्याचे नाव, मराठीत सांगायचे तर, ‘ज्या गावाला भिंती नव्हत्या’ असे काहीसे होते. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ते उगाच सजविलेले वाटले. मागाहून अनुवादकाची अडचण कळली. आपल्याकडे गाव निराळे आणि वाडी निराळी. गावाला वेस असते, चावडी असते, पाटील-कुलकर्णी आणि बलुतेदार असतात, क्वचित जुना पडका गावकूसही असतो. वाडी म्हणजे माळावर टाकलेली चार घरे. उद्या उठली तर दगडांखेरीज मागे काही राहात नाही. इंग्रजी नावात मात्र गाव या अर्थाचाच शब्द आला. मराठी वाचकाला ‘वाडी’ म्हटल्याबरोबर जे दिसते ते दाखवायला अनुवादकाला भिंती आणाव्या लागल्या आणि लगोलग पाडाव्याही लागल्या. आपल्या ‘वाडी’ या दोन अक्षरांत केवढी मोकळी जागा आहे, ते मला परक्या भाषेने दाखविले.

गदिमांची तऱ्हा आणखी वेगळी. पण त्यांच्याकडे जाण्याआधी आटपाडीजवळच्या एका पाटीकडे पाहू. या ठिकाणाचे नाव स्वतंत्रपूर. पाहुणा विचारतो, स्वातंत्र्यानंतर वसविलेले दिसते? नव्हे. हा तुरुंग आहे. १९३९ साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या, गांधीजींच्या विचारांनी भारलेल्या इंजिनियराच्या सूचनेवरून ही वसाहत सुरू केली. त्याच वर्षी राजांनी आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती. शिक्षा झालेल्या माणसांनी भिंतीवाचून राहायचे, बायकामुलांसह राहायचे, जमीन कसायची आणि आपल्या शब्दाने बांधलेले असायचे. त्याला सरळ ‘कैद्यांची शेती’ म्हणता आले असते. सरकारी कागदात असलीच नावे असतात. राजांनी स्वतंत्रपूर म्हटले. देशच स्वतंत्र नव्हता तेव्हा तुरुंगाला हे नाव! त्या वसाहतीतला माणूस बाजारात गेला आणि कुणी विचारले, “कुठला रं तू?” तर त्याने काय उत्तर द्यायचे, याचा विचार त्या नावात आधीच करून ठेवलेला आहे. ‘मी कैदी आहे’ असे सांगावे लागू नये, ‘मी स्वतंत्रपूरचा’ एवढे सांगता यावे. भिंत न बांधणे ही एक सुधारणा झाली. हे नाव ठेवणे ही मला तेवढीच मोठी वाटते.

या प्रयोगावरून पुढे व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट १९५७ साली निघाला. कथा गदिमांची. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, बर्लिनला गौरव झाला, ते सर्वांना माहीत आहे. मी फक्त नावाकडे बोट दाखवतो. सहा कैदी आणि एक अधिकारी, म्हणजे सात माणसे. पण नावात माणसे मोजलेलीच नाहीत. अधिकाऱ्याचे डोळे मोजले आहेत, कैद्यांचे हात. ज्या हातांनी खून केले तेच हात माती उकरणार आहेत, आणि त्यांच्यावर बंदुकीऐवजी दोन डोळे आहेत. हे चार शब्द समजले की निम्मी कथा समजली.

त्याआधी दोन वर्षे, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले होते. वर्षभरात ५६ गीते, चाली सुधीर फडके यांच्या. तिथे शब्द संस्कृत वळणाचे, भरजरी. मग माणदेश कुठे गेला? मला वाटते, तो तिथेही आहे. आमच्या वाडीवरच्या निरक्षर म्हातारीला ‘स्थलांतर’ कळत नाही, पण ‘वनवास’ कळतो. “जल्माचा वनवास हाय ह्यो,” असे ती सहज म्हणते. कीर्तनातून, पोथीतून, जात्यावरून काही संस्कृत शब्द खेड्यात इतके रुळले आहेत की ते आता शेणामातीचेच झाले आहेत. गदिमांना ते शब्द अचूक सापडले. कठीण शब्द आणि सोपा शब्द असा भेद आम्ही मास्तर लोक करतो. कानाला आधी ऐकलेला आणि कधीच न ऐकलेला, एवढाच भेद खरा.

इथवर लिहून मी थांबलो असतो तर हा लेख दिवाळीला शोभेसा गोड झाला असता. गावाकडचे शब्द कसे सुंदर, कसे रसरशीत, आपण ते कसे जपले पाहिजेत वगैरे. पण तिसरा आटपाडीकर अजून राहिला आहे, आणि त्याने माझे हे सगळे कौतुक जमिनीवर आणले.

शंकरराव खरातांच्या कथासंग्रहांची नावे एकामागून एक ठेवून पाहा. ‘बारा बलुतेदार’, ‘तडीपार’, ‘सांगावा’, ‘दौंडी’. मग १९८१ साली आलेले आत्मचरित्र ‘तराळ-अंतराळ’. सगळे शब्द गावगाड्यातले. मी ते प्रथम वाचले तेव्हा, कबूल करतो, मला त्यांत गोडवाच वाटला. ‘सांगावा’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमच्या घरचा ओटा येतो. आश्विन संपत आला की थोरल्या बहिणीचा सांगावा येई, ‘भाऊबीजेला न्यायला या’. तो आला की आई सारवायला घेई. सांगावा म्हणजे दिवाळी, असे माझ्या कानाला लहानपणापासून शिकविले गेलेले.

पण तो सांगावा घेऊन येणारा कोण होता? पायात वहाण नसलेला, ओट्याखाली उन्हात उभा राहून वरच्यावर निरोप सांगणारा आणि वरून टाकलेली भाकरी पदरात घेऊन जाणारा माणूस. त्याचे नाव मला आठवत नाही. विचारलेच नव्हते. गावाचा तराळ तो. महारवाड्यातल्या घरांवर पाळीने येणारी ही चाकरी: लोकांना चावडीवर बोलावून आणायचे, दवंडी द्यायची, सरकारी टपाल आणि वसुलाचा भरणा पोचवायचा, अंमलदाराच्या घोड्यापुढे वाट दाखवीत चालायचे, मेलेले ढोर ओढायचे, आणि कुणी मेले की रात्री-अपरात्री, पावसात, ओढे ओलांडून नातलगांच्या गावोगाव मर्तिकाचा सांगावा न्यायचा. सांगावा हा शब्द माझ्या घरी ओट्यावर राहात होता आणि त्यांच्या घरी पायांच्या भेगांत.

खरातांनी हे शब्द कौतुकाने उचललेले नाहीत आणि टाकूनही दिलेले नाहीत. त्यांनी तराळाच्या कामांची यादीच घेतली आणि एकेक काम पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर छापले. जे शब्द ओरडून सांगायचे ते दुसऱ्यांचे असत. दवंडी पाटलाची, सांगावा कुणबिणीच्या माहेरचा. तराळ हा नुसता आवाज. त्या आवाजाने पहिल्यांदा स्वतःचे सांगितले, आणि सांगताना त्याच शब्दांची नावे दिली. महात्मा फुल्यांनी १८८३ साली आपल्या पुस्तकाला ‘शेतकऱ्याचा असूड’ म्हटले तेव्हा त्यांनीही असेच केले होते. बैलाच्या पाठीवरचे हत्यार घेतले आणि त्याचे तोंड फिरविले.

‘वतन’ हा शब्द पाहा. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांतून वतनासाठी पराक्रम होतात, वतनासाठी भावाभावांत रक्त सांडते. देशमुखाच्या तोंडी वतन म्हणजे अभिमान. आणि महाराचे वतन? जमिनीचा तुकडा आणि बलुत्याचे दाणे यांच्या बदल्यात चोवीस तासांची, पिढ्यान्‌पिढ्यांची चाकरी. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात ही वतने सुधारण्यासाठी विधेयक आणले, ते पार पडले नाही. तीस वर्षांनी, १९५८ च्या कायद्याने, ही कनिष्ठ म्हटली जाणारी गावकामगारांची वतने रद्द झाली. एकाच शब्दाने एकाला मिशी पीळ द्यायला शिकविले आणि दुसऱ्याला मान खाली घालायला. कोशात अर्थ एकच.

आणि ‘तराळ-अंतराळ’! तराळाच्या घरातला मुलगा वकील झाला, ‘प्रबुद्ध भारत’चा संपादक झाला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. आत्मचरित्राला ‘माझा जीवनप्रवास’ हे नाव चालले असते. दर वर्षी असली दहा निघतात. त्याऐवजी हे दोन शब्द शेजारी ठेवले. ‘अं’ हे एकच अक्षर जोडले तर तराळाचे अंतराळ होते, असे भाषा सुचवते. प्रत्यक्षात त्या एका अक्षराला किती वर्षे लागली आणि किती पायपीट, ते आतल्या पानांत आहे. मी सातवीच्या मुलांना व्याकरण शिकवले, यमक शिकवले. यमकाने एवढे काम करता येते, हे मला ते पुस्तक हाती येईपर्यंत ठाऊक नव्हते.

तेव्हापासून गावाकडच्या शब्दांविषयी कुणी फार गोड बोलू लागला की मी मनात विचारतो, हा ओट्यावरून बोलतो आहे की ओट्याखालून? स्वतःलाही विचारतो. ‘जित्राब’ मला आता आवडते, पण माझ्या दावणीला ते कधी उपाशी मेले नाही, हे विसरून कसे चालेल?

सरकारी शब्द सगळेच पाणचट असतात असेही समजू नये. आमच्या शेजारच्या तासगाव तालुक्यात विसापूर म्हणून गाव आहे. तिथे वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास मागेल त्याला काम देण्याचा एक प्रयोग केला. पागे विधान परिषदेचे सभापती होते. पुढे १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर पसरली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. नाव, रोजगार हमी. ‘दुष्काळी मदत’ नव्हे, ‘साहाय्य’ नव्हे. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हमी एकदा दिली की मागणाऱ्याचा हक्क होतो. आमच्या गावच्या बायका डोक्यावर घमेले घेऊन निघत तेव्हा “हमीच्या कामाव चाललोय” असे सांगत, आणि हजेरी मांडणाऱ्या कारकुनाने मस्टरवर नाव घ्यायला कुरकूर केली, तर त्याला तोच शब्द ऐकवीत. “हमी हाय न्हवं? मग लिव नाव.” ‘टंचाई’ हा शब्द असा कुणाच्या तोंडावर फेकून मारता येत नाही.

त्या मुलाचे सांगायचे राहिलेच.

१९७३ चा पाऊस वेळेवर आला. जुलैत एका सकाळी तो मुलगा आणि त्याचा आबा शाळेच्या दारात उभे राहिले. पोरगा उंच झाला होता आणि काळा पडला होता. मेंढरे निम्म्याहून अधिक गेली होती. नाव पटावरून कमी झालेले, ते परत घालायचे होते. जनरल रजिस्टर काढले. त्यात ‘शाळा सोडल्याचे कारण’ म्हणून एक अरुंद रकाना असतो, तो वर्षभर कोरा राहिला होता. मी आबाला म्हटले, “आबा, इथं काय लिहू?”

आबा घोंगडी सावरीत म्हणाला, “जगायला गेलतो गुरुजी. दुसरं काय लिवणार?”

मी लिहिले, ‘जगायला गेला’. रकान्यात बरोबर बसले. वही त्याला परत द्यावी असे मनात आले, पण वर ती तांबडी रेघ होती. दिली नाही.

पुढे तपासणीला साहेब आले. भले गृहस्थ होते, चहा घेत रजिस्टर चाळीत होते. त्या ओळीपाशी थबकले, खिशातले पेन काढले आणि त्या दोन शब्दांवर एक आडवी रेघ ओढून वर बारीक, सुंदर अक्षरात लिहिले, ‘स्थलांतर’. शाई तांबडीच होती. मी काही बोललो नाही. ते गेल्यावर पाहिले, तर रेघ पातळ होती आणि खालचे अक्षर चांगले वाचता येत होते.